डाव्या कोपऱ्यातली बेरीज

मित्रांनो, अनंत म्हणजे काय हे ज्याने अगदी जवळून पाहिलं आहे, असा या भूतलावर मी एकटाच आहे. विद्वानांनी त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले, पण ते नेमकं राहतं कुठे, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नाही. मी सांगतो. ते तीस वर्षं माझ्या डाव्या कोपऱ्यात राहत होतं, दोन वितींच्या चौकटीत; आणि त्याच्या बरोबर खाली पुष्कळदा लिहिलेलं असे, 'निळ्या गाडीचे दिवे चालू राहिले आहेत.'

मी एक जुना फळा आहे. हल्लीच्या त्या गुळगुळीत पांढऱ्या पत्र्यांपैकी नव्हे. अस्सल पाटीच्या दगडाचा. चिखलाचा दगड व्हायला मला पंचेचाळीस कोटी वर्षं लागली. पुढचं काम पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या खाणकामगारांनी आठवड्याभरात उरकलं. छिन्नीचा घाव बसला की वहीचं पान सुटावं तसा मी सुटत असे. त्यांनी मला घासलं, धुतलं, माझ्या तीन लाद्या शेजारीशेजारी बसवल्या आणि खाणीपासून अकरा मैलांवरच्या एका लहानशा कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीला ठोकलं. एवढ्या दीर्घ आयुष्यात माझा प्रवास काय तो एवढाच.

पहिली काही वर्षं माझ्यावर काय काय लिहिलं गेलं ते सांगत बसत नाही. ते रोज पुसलं जाई, आणि त्यामुळे जगाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही.

मग केमररबाई आल्या. आर्डिथ केमरर. उंच, सडसडीत, थंडीच्या दिवसांत दोन स्वेटर घालणाऱ्या. खडू त्या पेन्सिलीसारखा न धरता चमच्यासारखा धरत. त्या गणित शिकवत, आणि गणितातलं जे प्रकरण मुलांना सगळ्यात जास्त रडवतं, ते त्यांचं सगळ्यात लाडकं होतं: न संपणाऱ्या क्रमिका आणि श्रेणी. क्रमिका म्हणजे एकामागून एक येणारे आकडे. श्रेणी म्हणजे त्यांची बेरीज. प्रश्न एकच असे. ही बेरीज कधीतरी कुठेतरी जाऊन टेकते, की कायमची भटकत राहते? टेकली तर ती अभिसारी. न टेकली तर अपसारी.

टेकणारी बेरीज समजावून द्यायला बाई घरून काकवीचा केक करून आणत. पहिल्या बाकावरचा मुलगा अर्धा केक घेई. दुसरा उरलेल्याचा अर्धा, तिसरा त्या उरलेल्याचा अर्धा. मुलांना हे शिकवावं लागत नसे. आमच्याकडे ताटातला शेवटचा तुकडा उचलणं असभ्यपणाचं समजतात, म्हणून जो तो त्याचे दोन भाग करून एक मागे ठेवतो. शेवटच्या बाकापर्यंत ताटात एक कण उरलेला असे.

"बघा," बाई म्हणत, "तुम्ही जन्मभर खात राहिलात तरी एका केकच्या वर जाणार नाही. बेरीज एकाकडे जाते आणि तिथेच टेकते."

संध्याकाळी झाडूवाले डेल्बर्टराव बादली घेऊन येत, तो कण उचलून तोंडात टाकत आणि ताट धुऊन ठेवत. अनंताचा उरलेला भाग इतकी वर्षं त्यांच्या वाट्याला आला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

केकमुळे मुलांना विषय आवडू लागला, पण त्यातून एक घोटाळा झाला. तुकडे लहान लहान होत गेले की बेरीज टेकतेच, असं त्यांनी मनाशी धरलं. परीक्षेत निम्मा वर्ग हेच लिहून आला. बाईंनी पेपर टेबलावर ठेवले आणि माझ्यावर लिहिलं: एक, अधिक एकद्वितीयांश, अधिक एकतृतीयांश, अधिक एकचतुर्थांश, आणि असंच पुढे.

"ही टेकेल?"

"टेकेल!" अख्खा वर्ग.

"नाही टेकणार. तुम्ही सांगाल तो आकडा ही ओलांडून जाईल."

आणि त्यांनी दाखवलं. एकतृतीयांश आणि एकचतुर्थांश मिळून अर्ध्याहून जास्त. पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ, मग पुढची सोळा, प्रत्येक गठ्ठा अर्ध्याहून जास्त, आणि गठ्ठे तर कधी संपतच नाहीत. तुकडे लहान होणं पुरेसं नसतं. ते किती लवकर लहान होतात, त्यावर सगळं असतं.

दारात कुणीतरी हसलं. वॉरन स्टॉफर. हे अभियांत्रिकीचं आरेखन शिकवत, विभागप्रमुखही तेच, आणि पुढचा तास त्यांचा असल्यामुळे काखेत लांबलचक पट्टी घेऊन ते नेहमी पाच मिनिटं आधी दारात उभे राहत.

"कागदावर ओलांडेल, आर्डिथ. या इमारतीत नाही ओलांडणार."

"कोणता आकडा नाही ओलांडणार, ते बोल."

"दहा."

"दहाला फार दिवस लागतील. नऊ घे." बाईंनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "रोज एक पद मिळवलं तर चार हजार पाचशे पन्नास दिवस. सुट्ट्या वगळून तीस वर्षं."

"तीस वर्षं या कॉलेजात कोण टिकतंय?"

"मी."

अशी पैज लागली. बाईंनी माझ्या डाव्या कोपऱ्यात चौकट आखली आणि वर लिहिलं: 'कॉलेज उघडं असेल त्या दिवशी एक पद. पुसू नका.' मी भिंतीवर असेपर्यंत बेरीज नऊच्या पुढे गेली, तर स्टॉफरसाहेबांनी माझ्यावर स्वतःच्या हाताने 'मी चुकलो' असं लिहायचं. नाही गेली, तर बाईंनी ती चौकट स्वतःच्या हाताने पुसायची.

स्टॉफरसाहेबांनी तोवर आयुष्यात 'मी चुकलो' असं कधी लिहिलं नव्हतं. 'रेघ चुकली' असं लिहिलं होतं.

सुरुवात झोकात झाली. चौथ्या दिवशी बेरजेने दोन ओलांडले, अकराव्या दिवशी तीन, एकतिसाव्या दिवशी चार. मुलं पैसे लावल्यासारखी बघत असत. त्र्याऐंशीव्या दिवशी पाच झाले तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. मित्रांनो, कौतुकाचे माझे दिवस ते हेच. दुसऱ्या विभागांतली माणसं मला बघायला येत. इतिहासाचे एक प्राध्यापक तर रोज येत. पुढे कळलं की त्यांच्या वर्गातला हीटर बिघडला होता.

मग वेग मंदावला. सहाला दुसरं वर्ष उजाडलं, सातला पाचवं, आणि आठ ओलांडायला अकरा वर्षं लागली. टाळ्या वाजवणारी मुलं शिकून गेली, त्यांना मुलं झाली. बाई रोज सकाळी येत, वहीत दहा दशांश स्थळांपर्यंत बेरीज करत, माझ्यावर त्यातली पाच लिहीत, आणि मग हातावरचा खडू झटकत. डेल्बर्टराव संध्याकाळी माझं सगळं अंग ओल्या फडक्याने पुसत, पण चौकटीजवळ आले की हात आखडता घेत. त्यांनी एकदाही तिला धक्का लावला नाही.

विसाव्या वर्षी बाई घरच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे त्यांचा वर्ग स्टॉफरसाहेबांनी घेतला. माणूस सचोटीचा. पैज त्यांच्याविरुद्ध असूनही त्यांनी रोज न चुकता एक पद मिळवलं. फक्त ते अभियंते असल्यामुळे त्यांनी तीन दशांश स्थळं धरली.

"पूल बांधायला तीन पुरतात," ते मुलांना म्हणाले.

तोपर्यंत पद झालं होतं एक भागिले तीन हजार. तीन स्थळांत त्याची किंमत शून्य. त्यांनी रोज अगदी गंभीरपणे आठ पूर्णांक पाच आठ चार यांत शून्य मिळवलं आणि आठ पूर्णांक पाच आठ चार लिहिलं. असं तीस दिवस.

बाई काठी टेकत परत आल्या, तेव्हा साहेब अगदी सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "आर्डिथ, मला फार वाईट वाटतं. पण ती टेकली."

"कोण?"

"तुझी श्रेणी. महिना झाला, जागची हललेली नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "वॉरन, तू महिनाभर काय मिळवत होतास?"

"रोजचं पद. नीट गोल करून."

"म्हणजे शून्य."

"जवळजवळ शून्य."

"जवळजवळ शून्य आणि शून्य, यांच्यामध्येच माझं सगळं आयुष्य गेलंय," बाई म्हणाल्या. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी वहीत तीसच्या तीस दिवसांची पदं पुन्हा मिळवली. आठ पूर्णांक पाच नऊ तीन सात शून्य. साहेबांनी ते पाहिलं आणि आपली पट्टी उचलून नेली.

त्यानंतर माझे उपेक्षेचे दिवस आले. शेजारच्या वर्गांतले माझे भाऊबंद एकेक करून निघाले आणि त्यांच्या जागी पांढरे पत्रे लागले. माझ्या खडूची धूळ कुणाला तरी बाधते असं ठरलं. नेमकी कुणाला, हे ठरवायला नेमलेली समिती अजून बसते आहे. एक, उणे एक, एक, उणे एक, अशी एक श्रेणी असते. तिची बेरीज कधी एक, कधी शून्य, फुगतही नाही आणि टेकतही नाही. मुलं उदाहरण मागत. बाई म्हणत, "आमची प्राध्यापक सभा."

शेवटी माझं पत्र आलं. मार्चच्या सुट्टीत, म्हणजे शुक्रवारचा शेवटचा तास झाला की शनिवारी, मला काढायचं. बाईही त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांनी वही उघडली आणि दिवस मोजले. पुन्हा मोजले. त्या शुक्रवारी बरोबर चार हजार पाचशे पन्नासावं पद येत होतं.

शेवटच्या बाकावर लुआन नावाची मुलगी बसे. ती दूध काढून थेट गोठ्यातूनच वर्गात येई आणि बूट दाराबाहेर ठेवी. तिने हात वर केला.

"मॅडम, एकसुद्धा दिवस मागेपुढे नाही?"

"एकसुद्धा नाही."

"मग आजारी पडू नका."

"मी नाही पडणार. आकाशाला सांग."

आकाशाने ऐकलं नाही. गुरुवारी पहाटेपासून बर्फ पडू लागलं आणि सात वाजता रेडिओवर सांगितलं, आज कॉलेज बंद. एक दिवस गेला.

त्या गुरुवारी काय घडलं हे फक्त मला माहीत आहे, म्हणून सांगून ठेवतो. सहाला डेल्बर्टरावांनी कुलूप काढलं. बॉयलर पेटवला, पायऱ्यांवरचं बर्फ फावड्याने ओढलं, दिवे लावले. नऊच्या सुमारास लुआन आली. गाईंना बर्फाची सुट्टी नसते आणि तिने रेडिओ लावला नव्हता. डेल्बर्टराव तिला म्हणाले, "आलीच आहेस तर बस, इथे उबदार आहे." ती माझ्यासमोर बसून तास-दीड तास गणितं सोडवून गेली. दुपारी डेल्बर्टरावांनी मला पुसलं, पहिल्या बाकावर बसून डबा खाल्ला, आणि खाताना ते चौकटीकडे पाहत राहिले. आदल्या दिवशीचा आकडा होता आठ पूर्णांक नऊ नऊ नऊ सात सात. ते उठले, खडू हातात घेतला, आणि परत ठेवून दिला.

शुक्रवारी बाई आल्या. वर्ग भरला होता. दारात स्टॉफरसाहेब होते. त्या दिवशी त्यांच्या काखेत पट्टी नव्हती. बाईंनी चार हजार पाचशे एकोणपन्नासावं पद मिळवलं आणि लिहिलं: ८.९९९९९.



स्टॉफरसाहेबांनी घसा साफ केला. "आर्डिथ, तीन स्थळांत धर. नऊ होतात."

"तुझ्या तीन स्थळांनी एकदा माझी श्रेणी मारली होती."

"मग आज तीच तिला जिवंत करतील! आण तो खडू. मी लिहितो काय लिहायचं ते."

"नऊ झालेले नाहीत, वॉरन."

"अगं, एका लाखातला एक भाग कमी आहे!"

"म्हणजे कमी आहे."

"तीस वर्षं भांडतोय मी तुझ्याशी, आणि आता हरायला तयार आहे तर तू हरू देत नाहीस?"

"असं नाही हरायचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डस्टर उचललं. डस्टर चौकटीला टेकलं.

"बाई," दारातून आवाज आला. डेल्बर्टराव बादली घेऊन उभे होते. "कालचं पद कुठंय?"

"काल कॉलेज बंद होतं, डेल्बर्ट."

"कोण म्हणतं?"

"रेडिओवर सांगितलं."

"रेडिओने कुलूप नाही काढलं. मी काढलं. बॉयलर पेटवला, दिवे लावले, पायऱ्या साफ केल्या. तुम्ही वरच लिहिलंय, कॉलेज उघडं असेल त्या दिवशी एक पद. तुम्ही आलात तर उघडं, असं नाही लिहिलेलं."

शेवटच्या बाकावरून लुआन म्हणाली, "मी आले होते मॅडम. इथेच बसून तुमची गणितं केली. तिसरं चुकलंय बहुतेक."

बाईंनी स्टॉफरसाहेबांकडे पाहिलं. पैज त्यांच्याशी होती, निवाडाही त्यांनाच करायचा होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. सचोटीचा माणूस, म्हणून सवयीने हिशेब पुढे नेला.

"डेल्बर्ट, बर्फाच्या प्रत्येक सुट्टीला तुम्ही असंच दार उघडत आलात?"

"प्रत्येक. नाहीतर नळ फुटतात."

"वर्षाला चार-पाच धरले तरी तीस वर्षांत सव्वाशेच्या वर," साहेब हळूहळू म्हणाले. "म्हणजे आर्डिथ, मी गेल्याच वर्षी हरलोय. आणि आपल्यापैकी कुणाला पत्ता नाही."

बाई खुर्चीत बसल्या. ज्यांचं सगळं आयुष्य जवळजवळ शून्य आणि शून्य यांच्यामध्ये गेलं, त्यांनी तीस वर्षं एक माणूस शून्य धरला होता. त्यांचा चेहरा मी कधी इतका पडलेला पाहिला नव्हता.

"मागचं नका काढू बाई," डेल्बर्टराव म्हणाले. "वही बिघडेल तुमची. मला एकच द्या. कालचा."

बाई उठल्या. त्यांनी डस्टर ठेवलं आणि खडू डेल्बर्टरावांच्या हातात दिला. "लिहा. एक भागिले चार हजार पाचशे पन्नास. शून्य पूर्णांक, मग तीन शून्यं, मग बावीस."

डेल्बर्टरावांनी हात विजारीला पुसला. तीस वर्षं त्यांनी मला रोज पुसलं होतं. लिहिलं त्या दिवशी पहिल्यांदा. अक्षर मोठं आणि वाकडं होतं, चौकटीत मावत नव्हतं. त्यांनी बेरीज केली, हातचा धरला, बाईंनी दहा स्थळांच्या वहीत ताडून पाहिली आणि मान हलवली.

९.०००२१.

मित्रांनो, टाळ्या फार वेळ चालल्या. त्या ओसरल्यावर स्टॉफरसाहेब पुढे आले, त्यांनी खडू घेतला आणि चौकटीखाली सुरेख आरेखनाच्या अक्षरात लिहिलं, 'मी चुकलो.' जरा थांबले. मग कंसात लिहिलं, 'अंदाजे.'

शनिवारी कामगार आले. माझ्या उजव्या दोन लाद्या कुणाच्या तरी अंगणातल्या पायऱ्यांना लागल्या. डावी डेल्बर्टरावांनी मागून घेतली. म्हणजे मी आता एकतृतीयांश उरलो आहे. श्रेणीतलं तिसरं पद. डेल्बर्टराव गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहेत. त्यांनी मला दलाच्या जेवणाच्या दालनात लावलं. तिथे दर शुक्रवारी गावाला माशांचं जेवण असतं, आणि माझ्यावर तळलेले, भाजलेले आणि संपलेले मासे कोणते ते लिहिलेलं असतं.

डावा कोपरा मात्र तसाच आहे. दर शुक्रवारी केमररबाई येतात, जेवणाआधी एक पद मिळवतात. पाच स्थळांपर्यंत ताडून पाहायला स्टॉफरसाहेब असतात. तीन स्थळांवरून पाचवर यायला त्यांना तीस वर्षं लागली. बेरीज आता दहाकडे निघाली आहे. आठवड्याला एक पद, म्हणजे अजून दीडशे वर्षं. त्या तिघांना तेवढं जमायचं नाही. खडूच्या खोक्यावर बाईंनी लुआनचं नाव लिहून ठेवलं आहे. मी दगड आहे. मला घाई नाही.

माझ्यापाशी उपदेश करण्यासारखं फार नाही. जो माणूस रोज थोडंसंच काम करतो, कुणी बघत नसताना करतो, त्याला शून्य धरू नका. तुमच्या शाळेतही भल्या सकाळी कुणीतरी कुलूप काढत असेल. त्याचं नाव विचारून घ्या. आणि फळ्यावर 'पुसू नका' असं लिहिलेलं दिसलं, तर आत काय आहे ते कळलं नाही तरी हात आवरा.

बाकी काही मागणं नाही. फक्त इथे जेवायला आलात, तर माशांची तेलकट बोटं माझ्या लाकडी चौकटीला लावू नका. कागदी रुमाल डावीकडे आहेत.